उंची दाखवायला कॅनडाला

कॅनडाहून परत आल्यापासून वर्ध्यात माझ्या चष्म्याच्या दुकानात येणारं प्रत्येक ओळखीचं माणूस आधी फोटो मागतं, आणि फोटो पाहून झाले की गोंधळून माझ्याकडे पाहतं. कारण माझ्या फोटोंत नायगरा नाही. टोरांटोचा मनोरा नाही, बोटीतला रेनकोट नाही. आहे ती तारेची उंच जाळी, जाळीपलीकडे पांढऱ्या विजारीतली पोरं, आणि अलीकडे मी. काही फोटोंत माझ्याशेजारी माझा भाचा आहे. बाकीच्यांत मी एकटाच, विजेच्या खांबासारखा.

"अहो, एवढं विमानात बसून गेलात, तिथे केलं काय?" शेजारच्या औषधांच्या दुकानदारांनी विचारलं.

"उभा होतो," मी म्हणालो.

त्यांना ती थट्टा वाटली, पण ते अगदी खरं होतं. मी कॅनडात मुख्यतः उभा होतो. त्यातला बराच वेळ आपण का उभे आहोत हे मला कळत नव्हतं. पुढे कळलं, तेव्हा गोंधळ आणखी वाढला. ज्यांना नायगऱ्याची माहिती हवी आहे त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी गाठावं. इथे ती मिळणार नाही.

ग्वेल्फ

माझी धाकटी बहीण सुनंदा, म्हणजे आमची सुनी, ग्वेल्फला राहते. टोरांटो विमानतळापासून तासाभराच्या अंतरावरचं, विद्यापीठाचं टुमदार गाव. तिचे यजमान प्रमोदराव तिथल्या एका कारखान्यात इंजिनियर आहेत. खाण्याचे पदार्थ पाकिटात भरणारी यंत्रं ते तयार करतात. मुलगा निनाद, वय सतरा. तो तीन-साडेतीन वर्षांचा असताना हे लोक नागपूर सोडून गेले.

सुनी दरवर्षी मला बोलवायची आणि मी दरवर्षी दुकानाचं कारण सांगायचो. २००८ साली मात्र तिने कॉलिंग कार्डं घेऊन फोनचा सपाटा लावला. "दादा, जुलैतच ये. ऑगस्टमध्ये येऊन काही उपयोग नाही." पाहुण्याचा कसला आलाय उपयोग? मी समजलो, हवा चांगली असेल.

विमानतळावर ती गळ्यात पडली, रडली, आणि मग दोन पावलं मागे सरकून तिने मला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं. "दादा, तू वाकायला लागलास! ताठ उभा राहा बघू." इतक्या वर्षांनी भेटलेल्या भावाला बहीण असं काही म्हणेल अशी माझी अपेक्षा नव्हती. मी ताठ उभा राहिलो. ती समाधानाने हसली.

इथे माझ्या उंचीबद्दल सांगायला हवं. मी सहा फूट दोन इंच आहे. ही उंची आमच्या घरात कुठून आली ते देवालाच ठाऊक. आमचे वडील पाच फूट पाच, आई त्याहून बरीच खाली, सुनी आईवर गेलेली. मॅट्रिकपर्यंत मी पहिल्या बाकावर बसायचो. कॉलेजात गेलो आणि दुष्काळानंतर पाऊस पडावा तसा वाढलो. शिंप्याने माझ्या पँटी खाली सोडता सोडता हात टेकले. या उंचीने मला आयुष्यात काय दिलं? एसटीच्या सीटमध्ये न मावणारे गुडघे, माळ्यावरची भांडी काढायला आळीभरातून येणारी बोलावणी, आणि आमच्या लग्नात हार घालताना रडकुंडीला आलेली बायको. अभिमान वाटावा असं त्यात मला कधी काही दिसलं नव्हतं.

माझी झोपण्याची सोय बेसमेंटमध्ये होती. पहिल्याच सकाळी तिथल्या तुळईवर माझं कपाळ आपटलं. मी वर आलो तेव्हा सुनीने टेंगळावर बर्फ धरला आणि प्रमोदरावांना आनंदाने म्हणाली, "बघितलंत? इथल्या घरातसुद्धा दादाचं डोकं लागतं!"

मला वाटलं, आज नायगरा. पण गाडी थांबली बुटांच्या दुकानापाशी. माझे वर्ध्याचे सँडल सुनीला पसंत नव्हते. तिने जाड तळव्यांचे बूट निवडले आणि विक्रेत्याला माझ्या पायाचा नंबर असा सांगितला, जणू मी बोर्डात आलो होतो. मग निनादकडे वळून म्हणाली, "निनू, तुझाही पाय मोठाच आहे ना रे?"

"मॉम, इट्स नॉर्मल," निनाद म्हणाला.

निनाद शांत मुलगा. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देतो. अंगाने सडपातळ, उंची पाच फूट सहा, तीही आईच्या मापाने. मला त्याचे हात आवडले. बोटं लांब आणि सावकाश. गॅरेजच्या दारावर त्याने खडूने एक छोटा चौकोन काढला होता आणि संध्याकाळी तो त्यावर चेंडू मारत बसे. चेंडू चौकोनाबाहेर गेलेला मी पाहिला नाही.

मैदान

दुसऱ्या दिवशी आम्ही निनादच्या बेसबॉलच्या मॅचला मैदानावर गेलो. गाडीतून घडीच्या खुर्च्या, बर्फाची पेटी आणि सुनीने केलेल्या, कोथिंबिरीच्या सांबारवड्यांचा डबा उतरला. उतरल्याबरोबर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. समोर पंचवीस-तीस माणसं बसली होती, प्रत्येकाचा एक गाल फुगलेला, आणि सगळे अधूनमधून मातीत थुंकत होते. "इथेही तंबाखूचा खर्रा मिळतो?" मी प्रमोदरावांना हळूच विचारलं. ते इतके हसले की त्यांच्या हातातली खुर्ची आपोआप मिटली. त्या भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया होत्या. गालात मूठभर भरायच्या, दातांनी फोडायच्या, टरफल थुंकायचं. लहान मुलंसुद्धा करतात. आपल्याकडे पोराने असं केलं असतं तर पाठीत धपाटा बसला असता.

आता खेळाविषयी. मी तो पुष्कळ पाहिला, समजला किती हे विचारू नका. गोलंदाज धावत येत नाही. मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो, एक पाय छातीपर्यंत नेतो आणि सरळ फेकतो. आपल्याकडे ज्याला फेकी म्हणून हाकलून देतील त्याचं इथे कौतुक. त्याला पिचर म्हणतात. फलंदाजाने चेंडू चांगला उंच मारला की लोक हळहळतात, कारण कुणीतरी तो झेलतोच. न मारता नुसता उभा राहिला तर टाळ्या मिळतात, आणि पिचरने चार वेळा वाईट टाकला की तो बॅट फेकून रमतगमत चालत जातो. या सगळ्यात निनादच्या संघाचा कोच डग, चांगला साठीचा माणूस, एकसारखा कान, नाक, टोपी आणि पट्ट्याला हात लावत होता. त्याला काही चावलं असेल म्हणून मी काळजीत होतो. ती खूण होती म्हणे.

पण मला खरं कोडं पडलं ते जाळीमागच्या माणसांचं. चार-पाच जण होते. गॉगल, टोपी, हातात केस वाळवायच्या यंत्रासारखं काहीतरी. प्रमोदरावांनी सांगितलं, ती चेंडूचा वेग मोजायची बंदूक आहे, आणि ही माणसं म्हणजे स्काउट. अमेरिकेतली कॉलेजं आपापल्या संघासाठी मुलं हेरायला त्यांना पाठवतात.

निनादच्याच संघातला काइल नावाचा मुलगा टाकायला आला. उंची माझ्याएवढी, खांदे दाराएवढे. त्याबरोबर सगळ्या बंदुका वर झाल्या. काइलचा पहिला चेंडू फलंदाजाच्या डोक्यावरून गेला, दुसरा जाळीवर आपटला, तिसरा त्या बिचाऱ्या मुलाच्या बरगडीत बसला. स्काउट एकमेकांकडे बघून माना डोलवत होते. मग निनाद आला. त्याने चेंडू टाकला, तो सरळ जाता जाता शेवटच्या क्षणी खाली बसला, आणि फलंदाजाने हवेत बॅट फिरवली. दुसऱ्यानेही हवेतच फिरवली. तिसराही परत गेला. मी टाळ्या वाजवत मागे पाहिलं तर बंदुका खाली, आणि दोघे कॉफी आणायला निघालेले.

मी डोळे तपासून पोट भरणारा माणूस. माझ्या मनात आलं, या लोकांना चष्म्याची गरज आहे. जो चुकतोय त्याच्याकडे बघतात, जो बाद करतोय त्याच्याकडे पाठ फिरवतात. इतक्यात सुनीने मला दंडाला धरून उठवलं आणि जाळीपाशी, नेमकं उरलेल्या स्काउटांच्या समोर नेऊन उभं केलं. "दादा, इथून छान दिसतं. बसू नकोस. आणि प्लीज, वाकू नकोस."

"अगं, पण प्रमोदराव कुठे गेले?"

"त्यांना मी तिकडे कँटीनपाशी बसवलंय. सावली आहे तिथे."

प्रमोदरावांची उंची पाच फूट चार इंच. त्यांची खुर्ची खरंच पार दूर, कचऱ्याच्या डब्याच्या आडोशाला होती, आणि सावलीचं म्हणाल तर तिथे ऊन मरणाचं होतं. मी हात केला. त्यांनीही केला. मला वाटलं, नवराबायकोचं काही बिनसलंय.

स्वयंपाकघर

उलगडा झाला तो डगमुळे. खेळ संपल्यावर तो माझ्याजवळ आला, माझा हात जोरात हलवला आणि म्हणाला, "सो धिस इज द अंकल! सिक्स टू! अँड यू ग्रू आफ्टर हायस्कूल, राइट? ग्रेट जीन्स!"

परतताना गाडीत सुनीने सगळं सांगितलं. गेली दोन वर्षं प्रत्येक स्काउट एकच बोलतो. पोरगा छान टाकतो, पण लहान आहे. ते आजचा मुलगा बघतच नाहीत, अजून तीन वर्षांनी तो केवढा होईल ते बघतात. त्यासाठी पायाचा नंबर विचारतात, मनगट बघतात, आणि मग जाळीकडे वळून आईबाप बघतात. बैलबाजारात गोऱ्हा घेताना त्याची गाय दाखवा म्हणतात, तसलाच प्रकार. हा निनादचा शेवटचा उन्हाळा. पुढच्या वर्षी शाळा संपते. आता कुणी निवडलं तर तो कॉलेजात खेळेल, नाहीतर खेळ इथेच संपला.

"त्याला दुसरं काहीच नको आहे रे," सुनी म्हणाली. "मी म्हटलं, आमची उंची दिसते, मग दादाची का नको दिसायला? निनू तुझ्यावर गेलाय. तूही मॅट्रिकपर्यंत एवढासाच होतास. उशिरा वाढतो आपल्याकडे माणूस."

म्हणजे मला सहलीला बोलावलंच नव्हतं. मी नमुना होतो! रागवावं की हसावं हे ठरवत मी खिडकीबाहेर मक्याची शेतं बघत होतो. पहिल्यांदा हसू आलं. मग थोडा अभिमानही वाटला. चला, या उंचीचा कुणाला तरी उपयोग झाला. आणि त्या अभिमानातच मला ते आठवलं.

निनाद दत्तक मुलगा आहे. अमरावतीच्या अनाथाश्रमातून आणला तेव्हा तो आठ-नऊ महिन्यांचा होता. भाड्याच्या जीपमध्ये परतताना सुनीला प्रवासाने उलट्या होत होत्या, म्हणून तो सबंध रस्ता माझ्या मांडीवर होता आणि माझी पँट त्याने ओली केली होती. हे लपवलेलं मुळीच नाही. निनादला कळायला लागल्यापासून ठाऊक आहे. पण मला विचाराल तर ते कित्येक वर्षांत डोक्यात आलं नव्हतं. भाचा तो भाचा. आता मात्र मी पुढच्या सीटवर गोठून बसलो. त्याला माझी उंची येणार कुठून? आणि हे सुनीला कळत नाही?

दुसऱ्या दिवशी ती पोळ्या लाटत असताना मी विषय काढला. मनात शंका होती की ती जाणूनबुजून त्या लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकते आहे, आणि तसं असेल तर थोरला भाऊ म्हणून तिला बोलायला हवं.

"सुने, निनू माझ्यावर जाईल असं तुला काहून वाटतं?"

"काहून म्हणजे? मग कुणावर जाईल?" तिने लाटणंही थांबवलं नाही. "झोपतो कसा बघ ना, पाय पांघरुणाच्या बाहेर. राग आला की बोलत नाही, कान लाल होतात, हुबेहूब तू. आई नेहमी म्हणायची, हा पोरगा मामाचा छाप आहे. ती पोळी पलट जरा, करपते."

मी पोळी पलटली. माणूस खोटं बोलताना डोळे कसे हलतात हे मी रोज बघतो. दिसत नसताना दिसतंय म्हणणारी गिऱ्हाइकं काय थोडी असतात! सुनीचे डोळे जागचे हलले नव्हते. ती फसवत नव्हती. तिला ते आठवतच नव्हतं. मी पोळी ताटात टाकली.

मग प्रमोदरावांना गाठलं. ते मागच्या अंगणात गवत कापत होते. यंत्र बंद करून त्यांनी माझं ऐकून घेतलं.

"दादा, मला पहिल्या दिवशीच लक्षात आलं," ते म्हणाले. "तुम्हाला बोलवायचं म्हणाली तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" त्यांनी घाम पुसला. "मला ती दूर कचऱ्याच्या डब्यापाशी बसवते. का? तर मला बघून लोकांना वाटेल, पोरगा बापावर जाऊन बुटकाच राहील. दादा, पोरगा माझ्यावर जाईल अशी भीती वाटते हो तिला! मला तिथे उन्हात बसून किती बरं वाटतं सांगू?"

त्यांनी यंत्र पुन्हा सुरू केलं.

पुढचे दोन दिवस माझी अवस्था विचारू नका. सांगावं तर बहिणीचं काळीज फाटेल. न सांगावं तर परक्या मुलखात मी उभ्या उभ्या खोटी साक्ष देतोय. आणि खोटी तरी कशी म्हणायची? मी मामा नव्हतो का? मीच तर होतो.

स्पर्धेचं गाव

शनिवारी ग्वेल्फपासून दीड-दोन तासांवर एका छोट्या गावात स्पर्धा होती. नायगरा तिथून जवळ होता म्हणे. "बघू, वेळ उरला तर," सुनी म्हणाली. मी आशा सोडली.

तिथे वॉल्टर नावाचा स्काउट येणार होता आणि त्याचं कॉलेज पिचरच शोधत होतं. सुनी पहाटेपासून देवापाशी होती. प्रमोदराव न सांगता आपली खुर्ची घेऊन कँटीनकडे निघून गेले. मी जाड तळव्यांचे बूट घातले आणि जाळीपाशी उभा राहिलो.

वॉल्टर सुरकुतलेला, सभ्य माणूस निघाला. निनादची पहिली पाळी त्याने बंदूक लावून पाहिली, बंदुकीवरचा आकडा पाहून ओठ मुडपले, आणि मग सगळ्यांसारखाच जाळीकडे वळला. त्याची नजर माझ्या बुटांपासून वर चढत गेली. तो जवळ आला. सुनी माझ्या शेजारी होती. तिने माझ्या सदऱ्याची बाही घट्ट धरली.

"तुम्ही मुलाच्या आईचे भाऊ?"

"येस."

"सख्खे?"

"येस. रिअल ब्रदर."

"एवढी उंची कितव्या वर्षी आली?"

"आफ्टर मॅट्रिक. कॉलेज. वन इयर, फुल हाइट."

एकेक शब्द खरा होता आणि मला दरदरून घाम फुटला होता. वॉल्टर मान डोलवत होता. त्याच्या डोळ्यांत मला काइलसारखा एक निनाद वाढताना दिसत होता. त्याच वेळी निनाद पाणी प्यायला जाळीपाशी आला. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. त्याचे कान लाल झाले.

"सर," तो वॉल्टरला म्हणाला, "आय अ‍ॅम अडॉप्टेड. सो मामाज हाइट डझन्ट काउंट. नोबडी नोज हाउ टॉल आय विल गेट."

"डझन्ट काउंट म्हणजे काय?" सुनी मराठीत ओरडली. "मामा आहे ना तो तुझा!"

आणि मग ती थांबली. गॅसवर दूध ठेवून गावाला आल्याचं एखाद्या बाईला वाटेत आठवावं, तसा तिचा चेहरा झाला. माझी बाही तिच्या हातातून सुटली.

निनाद जाळीला चिकटून उभा राहिला. मी कॅनडात गेल्यापासून तो माझ्यासमोर पहिल्यांदाच मराठीत बोलला, शब्द शोधत शोधत. "आई, मामा माझाच आहे. फक्त उंची त्याची आहे."

वॉल्टर आता आमच्यापेक्षाही गोंधळला होता. त्याने सुनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वडील कुठे आहेत असं विचारलं. कँटीनपाशी प्रमोदरावांनी कॉफीचा कप वर केला. वॉल्टरने बराच वेळ त्यांना पाहिलं. त्या बघण्याला आता अर्थच नव्हता, हे त्याच्याही ध्यानात आलं असावं. तो गेला आणि थेट फलंदाजामागच्या जाळीपाशी जाऊन बसला. बंदूक त्याने पिशवीत टाकली. पुढे निनादने टाकलेला प्रत्येक चेंडू त्याने नुसत्या डोळ्यांनी पाहिला. एकामागून एक पोरं हवेत बॅटी फिरवून परतत होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला तो खेळ समजल्यासारखं वाटलं.

खेळ संपल्यावर तो आला, निनादशी हात मिळवला. त्याचं इंग्रजी मला निम्मंच समजलं. समजलं ते असं. या उन्हाळ्यात इतकं नेमकं टाकणारा मुलगा मी पाहिला नाही. पण परत जाऊन मी आमच्या लोकांना काय सांगू? बाकी सगळं आम्ही शिकवू शकतो, उंची शिकवता येत नाही. माफ कर, पोरा.

त्याने काइलला निवडलं.

माझा तोल गेला. मी त्याच्या मागे गेलो आणि जमेल त्या भाषेत त्याला सुनावलं. "मिस्टर, माय फादर फाइव्ह फीट फाइव्ह! माय मदर अजून खाली! मला बघायला आला असतात तर मला नाकारलं असतंत! काय कळतं आईबाप बघून? माझ्या दुकानात मी आजच्या डोळ्याला आजचा चष्मा देतो. तीन वर्षांनंतरच्या नंबरचा आज दिला तर गिऱ्हाईक पायरीवरून पडेल!"

वॉल्टरने सगळं शांतपणे ऐकलं. त्यातलं किती पोचलं कोण जाणे. "यू प्ले?" त्याने विचारलं.

"नो. ग्लासेस," मी म्हणालो आणि परत फिरलो.

परतीला गाडी निघाली. निनाद मागे बसून सांबारवडी खात होता. कानात गाणी लावली होती, पण डोळे ओले होते. पुढच्या सीटवरून सुनीने विचारलं, "दादा, तुला आठवत होतं?"

"हो. त्या पहिल्या मॅचपासून."

"आणि तुम्हाला?"

"मला आधीपासून," प्रमोदराव रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले.

"मला नाही रे आठवलं," सुनी म्हणाली. "एकदासुद्धा नाही. असं कसं नाही आठवलं?" आणि ती ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. निनादने मागून हात पुढे करून तिच्या खांद्यावर ठेवला. ते लांब बोटांचे हात. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर फार बरंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं हे मला अजून उमगलेलं नाही.

"पुढच्या मॅचला माझी खुर्ची पुढे आणली तर चालेल का?" प्रमोदरावांनी विचारलं.

"नाही," सुनी रडता रडता म्हणाली. मग हसली.

नायगऱ्याची पाटी आली आणि गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी आठवण करून दिली नाही.

पुन्हा वर्धा

परतलो. दिवाळी झाली, थंडी पडली. एका सकाळी मी नुकतंच दुकान उघडलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे सुनी, आवाज आनंदाने फाटलेला. निनादला कॉलेज मिळालं! अमेरिकेतलं नव्हे, तिथलंच, पार पश्चिमेला बर्नाबीच्या बाजूचं एक लहानसं. डगने तिथल्या कोचला निनादच्या खेळाची चित्रफीत पाठवली होती. त्यात जाळी नव्हती, आम्ही कुणी नव्हतो. नुसता चेंडू दिसत होता, शेवटच्या क्षणी खाली बसणारा. कोचने चार दिवसांत फोन करून त्याला घेतलं. उंची तेवढीच होती, पाच फूट सहा.

मला इतका आनंद झाला की समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला मी चष्मा उलटा चढवला.

"पण दादा, काय माणूस आहे बघ," सुनी तक्रारीच्या सुरात म्हणाली. "घरच्यांबद्दल एक शब्द विचारला नाही त्याने. आईवडील कोण, केवढे, काहीच नाही. मला राहवेना. शेवटी मीच सांगितलं, त्याचा मामा सहा फूट दोन इंच आहे म्हणून."



"सुने, अगं पण..."

"पण काय?"

मी आरशात पाहिलं. विमानतळावर तिने सांगितल्यापासून मला जरा ताठ उभं राहायची सवय लागली आहे.

"काही नाही," मी म्हणालो. "पुढच्या वेळी अडीच इंच सांग. सकाळी मोजलं की अडीच भरतं."